आधी पडायला शिका

तालीम मुलींसाठी उघडणार, ही बातमी मला शेजारच्या मैत्रिणीनं कंपाउंडच्या भिंतीवर चढून दिली. "पदा, पदा!" ती ओरडत होती. पदा म्हणजे तेलुगूत चल. ती तेलुगू, आम्ही मराठी, शाळा उर्दू. त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलायचो हे आम्हालाही सांगता आलं नसतं. मी निवडायला घेतलेली मेथी तशीच सुपात टाकली आणि पळाले.

काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या अंगाला ती तालीम होती. पुढे पटांगण, मागे पत्र्याची उंच शेड, शेडमध्ये तांबड्या मातीचा हौदा, आणि हौद्याच्या मधोमध तुळईवरून खाली आलेला मलखांबाचा दोर. रझाकारांच्या दिवसांत ती वर्षभर बंद होती. तेव्हा आम्हा मुलांना अंगणातसुद्धा मोठ्यानं खेळू देत नसत. मग सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, चार-पाच दिवसांत सगळंच पालटलं, आणि दिवाळीनंतर तालमीच्या कमिटीनं ठरवलं की आता मुलींनाही शिकवायचं. मी तेरा वर्षांची होते. मला वाटलं, स्वातंत्र्य आलं ते खास माझ्यासाठीच आलं.

घरी जेवताना विषय काढला. आईनं भाकरी थापता थापताच विचारलं, "हात मोडला तर?"

"मोडला तर माझा मोडेल."

"आणि ठरलेलं लग्न मोडेल ते कुणाचं?"

"माझं कुठं ठरलंय?"

अण्णा हसले. ते कचेरीत कारकून होते, आयुष्यभर कागद वाचल्याशिवाय सही न करणारे. म्हणाले, "उद्या मी येतो. त्या मास्तरांना बघतो. मग हो की नाही ते सांगतो."

मास्तर सांगलीकडचे. तरुणपणी सर्कशीत झुल्यावरची कामं केलेली, आता पन्नाशीला आलेले, बुटके, मान खांद्यात बसलेली. डावा हात कोपरात सरळ होत नव्हता. अण्णांनी शेरवानीची बटणं नीट केली आणि सरळ विचारलं, "मास्तर, मुली पडणार तर नाहीत?"

"पडणार की. रोज पडणार," मास्तर म्हणाले. "लागू द्यायचं न्हाई. त्याच कामाचा मी पगार घेतो."

अण्णांनी त्यांच्या डाव्या हाताकडे बोट केलं. "आणि हे?"

"सर्कशीत झुल्यावरनं पडलो, आणि सावरायला हात मागं टेकला. टेकायचा नसतो. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी ह्यांना सांगणार आहे."

घरी येताना अण्णा एवढंच म्हणाले, "जा."

आम्ही नऊ मुली होतो. पहिल्या दिवशी दारातच मास्तरांनी एक पितळी डबा ठेवला. काकणं काढून डब्यात, वेणी वर बांधून, नखं कापलेली. बोडक्या हातांनी मुलगी घरी आली तर काय, म्हणून एकीची आई भांडायला आली. मास्तर तिला म्हणाले, "काच मनगटात शिरली तर काढायला तुमी येनार का?" दुसऱ्या दिवसापासून ती बाई रोज स्वतःच त्या डब्याजवळ राखणीला बसू लागली. परकर-पोलक्यात उडी मारता येत नव्हती, म्हणून आईनं मला अण्णांच्या जुन्या धोतराचा लेंगा आणि आखूड बाह्यांचा सदरा शिवून दिला. तो घालून रस्त्यानं जायची लाज वाटायची, म्हणून वरून परकर नेसायचा आणि तालमीत पोचलं की सोडायचा. पोचण्याची इतकी घाई असायची की नाडीची गाठ निम्म्या वाटेतच सैल करून ठेवलेली असे.

आणि मास्तरांनी दोराला हात लावू दिला नाही!

एक दिवस नाही, आठवडा नाही, तब्बल दीड महिना. रोज आधी मनगटं फिरवायची, घोटे फिरवायचे, मान, कंबर, गुडघे. अंगाला घाम फुटेपर्यंत पळायचं. मग हौद्यात पडायचं. उभ्यानं मागे पडायचं, पुढे पडायचं, कुशीवर पडायचं. मग स्टुलावरून, मग टेबलावरून. मास्तर हौद्याच्या काठाकाठानं फिरत आणि ओरडत, "हनुवटी छातीला! पाठ गोल कर, टोपलीवानी! हात पोटाशी! ए, हात मागं न्हाई न्यायचा!" उडी मारून उतरताना आधी चवडे, मग टाच, आणि गुडघे मऊ. "पाय ताठ ठेवून उतरलीस तर दणका डोस्क्यापर्यंत जातो. गुडघं वाकीव, गुडघं!"

माती पोटात जायची, कानात जायची. घरी आई डोकं धुताना म्हणे, "तुला व्यायाम शिकवतात की पुरतात?"

एके दिवशी मी चिडून विचारलंच, "मास्तर, आम्ही चढायला आलोय. पडायला नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. "त्या टेबलावर हुभी ऱ्हा. डोळं मीट."

मी डोळे मिटले. पाच मोजायच्या आत त्यांनी मला मागून ढकललं. मी ओरडलेसुद्धा नाही, तेवढा वेळच नव्हता. पण माझी हनुवटी छातीला लागली होती, पाठ गोल झाली होती, हात पोटाशी होते, आणि मी मातीत गडगडून उभी राहिले होते. मला काहीच आठवलं नव्हतं. अंगानंच सगळं केलं होतं. सगळ्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या.

मास्तर म्हणाले, "आता दोर धर."

तो दिवस मी कसा सांगू! सुताचा दोर, मनगटाएवढाही जाड नाही, तेलानं आणि हातांच्या घामानं काळपट झालेला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर पकडायचा, हातांनी वर ओढायचं, पुन्हा पकडायचा. बेचक्याची सालटी निघाली तरी मला कळलं नाही. खाली मैत्रीण हात पुढे करून उभी होती, कारण तालमीचा नियम असा की एक वर तर एक खाली, आणि खालचीनं क्षणभरही दुसरीकडे बघायचं नाही. मी अर्ध्या उंचीवर पोचले आणि शेडच्या झरोक्यातून मला रूळ दिसले, सिग्नल दिसला, धूर सोडत उभं असलेलं इंजिन दिसलं. "दिसतंय! दिसतंय!" मी ओरडले.

"काय दिसतंय?" खालून मैत्रीण.

"सगळं!"

"मग खाली ये, मला बघायचंय!"

पुढच्या सात-आठ महिन्यांत आम्ही दोघी दोरावर तयार झालो. दोराची तेढी, म्हणजे वेढा, मांडीला घालून हात सोडायचे, आडवं झोपायचं, डोकं खाली करून नमस्कार करायचा. नऊ जणींत आम्हा दोघींचाच दोर बरा होता. आणि मग तालमीत बातमी आली की येत्या पंधरा ऑगस्टला मोठ्या मैदानावर झेंडावंदन होणार आणि त्यानंतर आमच्या मुलींचं प्रात्यक्षिक. आधीच्या दोन पंधरा ऑगस्टना आमच्या शहरात झेंडा उघड्यावर लावायची सोय नव्हती. आता सगळ्या शहरासमोर! त्या आठवड्यात मी घरात एक काम धड केलं नाही. आमटीत दोनदा मीठ घातलं.

मास्तरांना मात्र वेगळीच काळजी. मैदानावर हौदा नाही, खाली टणक जमीन. "गादी पायजे," ते म्हणाले, आणि आम्हा दोघींना घेऊन पिंजाऱ्याच्या गल्लीत गेले.

पोलीस ॲक्शननंतर त्या गल्लीतली अर्धी दुकानं बरेच दिवस बंदच होती. म्हातारा पिंजारी दाराशी कापूस पिंजायची धनुकली टेकवून बसला होता. आमच्याकडे बघून तो आधी उठूनच उभा राहिला. तीन अनोळखी हिंदू माणसं दारात आली की त्या दिवसांत कुठलाही मुसलमान उठून उभा राहिला असता. मास्तरांनी त्याला बसवलं, स्वतः त्याच्या उंबऱ्यावर बसले आणि काय हवं ते सांगितलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पहले ये बोलो, बच्ची गिरती कैसा? सर पो गिरती की पीठ पो?"

"कसंबी पडंल," मास्तर म्हणाले.

"तो गिर के बताओ."

आम्ही दोघींनी त्याच्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात धडाधड पडून दाखवलं. म्हातारा आधी दचकला, मग हसायला लागला. आतून त्याची सून आणि नाती पडद्याआडून बघायला आल्या. "और एक बार," आतून एक मुलगी म्हणाली. आम्ही आणखी चार वेळा पडलो. कापूस सगळ्या गल्लीत उडाला. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर दोन बोटं ठेवून गादीची जाडी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, "खाली रुई नक्को. नीचे काथ्या, बीच में पुरानी रुई, उप्पर नवी. टाके पास पास. नै तो रुई सरकती, बच्ची को जमीन लगती." आठ दिवसांनी गादी तयार झाली. एका खाटेच्या चौपट, जाड, निळ्या पट्ट्यांची. ती उचलायला सहा माणसं लागली. म्हाताऱ्यानं ती द्यायच्या आधी स्वतः स्टुलावर चढून तिच्यावर उडी मारली होती, असं सुनेनं सांगितलं.

कमिटीचे सेक्रेटरी वकील होते. रंगीत तालमीला त्यांनी गादी बघितली आणि त्यांचं तोंड उतरलं. "मास्तर, हे काय? मोठे पाहुणे येणार. मधोमध हे गाठोडं? लोक म्हणतील, या मुली पडायच्या तयारीनंच आल्यात."

"मग बरोबरच म्हणतील," मास्तर म्हणाले.

"निदान एवढा एक दिवस..."

"गादी न्हाई तर पोरी न्हाईत."

गादी राहिली. दोर मात्र सेक्रेटरींच्या माणसांनी आदल्या संध्याकाळीच टांगून ठेवला. मैदानात दोन वासे उभे करून वर आडवी तुळई टाकली होती, आमच्या शेडपेक्षाही उंच.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा मैदान भरत आलं होतं. पताका, बँडवाले, शाळांच्या रांगा, झाडांवर चढलेली माणसं. हवा ओलसर होती आणि वारा सुटला होता. मास्तर गादी लावून घेण्यात गुंतले होते. त्यांनी लांबूनच खूण केली, दोर बघ. हाही नियमच होता. जिला चढायचं तिनं दोर वरपासून खालपर्यंत स्वतः तपासायचा, डोळ्यांनी आणि बोटांनी. मैत्रीण शिडी धरून उभी राहिली आणि मी वर चढले.

वरच्या तुळईला एक लोखंडी बोल्ट होता. त्याचं डोकं बाहेर आलेलं. तालमीत दोर घासू नये म्हणून दोर आणि तुळईच्या मध्ये चामड्याचा तुकडा असे. इथे टांगणाऱ्यांनी तो घातला नव्हता. रात्रभर दोर वाऱ्यानं हलला होता आणि त्या बोल्टवर घासला होता. तीन पदरांतला एक पदर जवळजवळ तुटला होता, फुलासारखा पिंजारला होता.

मी हात लावून बघितलं. दोन पदर शाबूत होते. एवढी उंची, खालून कुणालाही दिसणार नाही. मी हलकी, मैत्रीण माझ्याहून हलकी. पाच मिनिटांचं काम. आणि खाली अख्खं शहर.

मी शिडीवरून उतरले.

"ठीक?" मैत्रिणीनं विचारलं.

"ठीक," मी म्हणाले.

असं मी म्हणाले. हे मी पुढे बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

ती लगेच तयारीला लागली, कारण पहिल्यांदा तीच चढणार होती. खाली बसून तिनं तळपाय फडक्यानं कोरडे केले, अंगठ्याच्या बेचक्यात राख चोळली आणि माझ्याकडे बघून अशी हसली की तिच्या हिरड्या दिसल्या. मी दहा पावलं चालले असेन. मग मला पळताही येईना आणि थांबताही येईना. कशीबशी मास्तरांजवळ गेले आणि त्यांचा सदरा ओढला.

"मास्तर, एक पदर तुटलाय. वर, बोल्टापाशी. मी तिला ठीक म्हणून सांगितलं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. सरळ शिडीवर चढले, वाकड्या हातानं, आणि दोर सोडून खाली टाकला. सगळ्या लोकांसमोर तो धपकन गादीवर पडला.

मैत्रीण माझ्या अंगावर आली. "ठीक म्हणालीस ना? मग?"

"खोटं बोलले."

"दोन पदर आहेत की! मी चढते!"

"वरचा भाग कापून परत बांधा ना मास्तर," मीही रडत म्हणाले.

"नवी गाठ मारली की तिला दिवसभर वाळूचं पोतं लटकतं. मग माणूस. आज माणूस न्हाई." मास्तरांनी दोर गुंडाळून बाजूला ठेवला. तेवढ्यात सेक्रेटरी धावत आले. पाहुण्यांची मोटर फाटकाशी आली होती. "मास्तर, आता काय दाखवणार? मुलींचा कार्यक्रम छापलाय!"

मास्तरांनी नऊ जणींकडे बघितलं. मग गादीकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी रडायची थांबले.

"टेबलं आणा," ते म्हणाले. "चार. आनि भोंगा द्या हिकडं."

झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, भाषणं झाली. मग मास्तर भोंगा घेऊन मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "आता आमच्या मुली पडून दाखवतील."

मैदानभर हशा पिकला. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. आणि मास्तरांनी शिटी मारली.

पहिली मी पळत गेले. टेबलावरून उडी, गादीवर खांदा, गोल पाठ, उभी! माझ्यामागे मैत्रीण, तिच्यामागे तिसरी, चौथी. शिटी, उडी, गडगड, उभी. हशा थांबला. मग टेबलावर टेबल चढलं. वरून पाठमोरं पडायचं, हात पोटाशी घेऊन, ओंडका पडावा तसं. पहिली पडली तेव्हा बायकांच्या बाजूनं एकदम "अय्यो!" असा आवाज आला, आणि ती उठून हसत नमस्कार करत उभी राहिली तेव्हा टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो मला अजून पाठीत जाणवतो. मग पाच मुली ओणव्या राहिल्या आणि आम्ही दोघी धावत येऊन त्यांच्यावरून सूर मारला. मग सहा. मग सात! मैत्रीण माझ्यावर रागावली होती हे विसरून माझा हात धरून ओरडत होती, "पुन्हा! पुन्हा जाऊ या!" मास्तर शिट्या मारत नाचत होते. गर्दीत पुढे पिंजारी म्हातारा नातींना घेऊन उभा होता आणि आजूबाजूच्यांना छातीवर हात मारून सांगत होता, "गादी मेरी है! मैं बनाया सो!"

पाहुणे मंचावरून उतरून गादीपाशी आले, मुठीनं दाबून बघितली आणि सेक्रेटरींना म्हणाले की हे प्रत्येक शाळेत शिकवायला हवं. "मीच तर म्हणत होतो," सेक्रेटरी म्हणाले.

दुपारी घरी आल्यावर आईनं दार लावलं, घरातल्या सगळ्या गाद्या आणि गोधड्या जमिनीवर पसरल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाली, "मला दाखव ते कसं करायचं." मी दाखवलं. ती दोनदा अडली, तिसऱ्यांदा सरळ गडगडत जाऊन भिंतीला टेकली आणि तिथंच बसून इतकी हसली की अण्णा दार वाजवायला लागले. आईला असं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मास्तरांनी दोराचा वरचा भाग कापला, नवी गाठ मारली आणि तालमीत दिवसभर दोन मण वाळू लटकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोतं उतरवलं. मैत्रीण पुढे झाली, पण चढायच्या आधी तिनं शिडी लावायला सांगितली आणि माझ्याकडे न बघता स्वतः वर जाऊन गाठ तपासली. मला ते लागलं. बरोबरच होतं ते. खाली आल्यावर म्हणाली, "आता तू बघ. दोघींनी बघायचं." त्या दिवसापासून आम्ही दोघींनी बघायला सुरुवात केली.

मग ती चढली, अगदी तुळईपर्यंत, आणि मी हात पुढे करून खाली उभी राहिले. शेडच्या दाराशी नवी नावं लिहून घेणं चाललं होतं, ते मी आत येतानाच बघितलं होतं. काचीगुड्याच्या, नारायणगुड्याच्या, शाळांच्या बाकांवरून थेट आलेल्या मुली, आणि त्यांत बुरख्यातल्या आईचा हात धरून आलेली पिंजाऱ्याची मोठी नातही. मास्तरांच्या हातात फावडं होतं. "हौदा ल्हान पडनार," ते म्हणत होते, "हौदा ल्हान पडनार!" आणि आवाजावरून वाटत होतं की त्यांनाही आता वर चढायचंय. मला मात्र मान वळवून तिकडे बघता येत नव्हतं. मैत्रिणीनं वर दोराची तेढी मांडीला घातली, हात सोडले, आणि मी तिच्यावरच नजर ठेवून उभी होते.